गिरणी गल्लीचा वळसा

शहरात पाऊललाद्या बसल्या तेव्हापासून लोकांना एक सवय लागली होती. दिवेलागणीला घराबाहेर पडलं की आधी रस्त्यावरच्या दिव्यांकडे बघायचं. दिवसभर वर्दळ असलेल्या रस्त्यावरचे दिवे झळझळीत असायचे, आणि माणसं फिरकलीच नसतील तिथले मंद. पदपथावरच्या प्रत्येक लादीखाली दाबस्फटिकाच्या चकत्या होत्या. पाऊल पडलं की चकती केसभर दबायची आणि दबलेला स्फटिक चिमूटभर वीज द्यायचा. हजारो पावलांची वीज बॅटरीत साठायची आणि संध्याकाळी त्याच रस्त्याच्या कामी यायची. मंडईतल्या भाजीवाल्या म्हणायच्या, "आमच्या गिऱ्हाइकांच्या पायावर जळतोय हा दिवा."

शहर यंत्रमागांचं होतं. मागांच्या खडखडाटात वाढलेली माणसं एकमेकांशी मोठ्यानं बोलत, पण एका विषयावर सगळ्यांचा आवाज खाली यायचा. वेगवेगळ्या चौकांत तरुणांचे ग्रुप होते. कुणाचं नाव वाघावर, कुणाचं वादळावर. त्यांच्या मारामाऱ्यांत कुणाचा हात जायचा, कुणाचा जीव. ज्याच्या घरात हे घडायचं ते घर मिटून जायचं.

अशा घरांसाठी शैलजा चौगुले 'सोबत केंद्र' चालवत होती. बंद पडलेल्या एका माग-शेडमध्ये दोन खोल्या, चार खुर्च्या आणि चहाचं भांडं. दवाखान्यात बरोबर जाणं, कोर्टाच्या तारखेला शेजारी बसणं, शाळा सुटलेल्या पोरीला परत शाळेत नेऊन सोडणं, ग्रुप सोडू पाहणाऱ्याला दुसऱ्या गावात काम बघून देणं, असली कामं. शैलजाची अडचण मदतीची नव्हती. मदत करायला माणसं तयार होती. ज्यांना ती हवी ते दार वाजवत नव्हते.

एका सकाळी दार वाजलं, पण आला तो तन्वीर बागवान. पाऊललाद्यांची देखभाल करणारा अभियंता, तिशीतला, गळ्यात अवजारांची पिशवी.

"ताई, तुम्ही वॉर्डात सगळीकडं फिरता म्हणून विचारायला आलो. गिरणी गल्लीत काही खोदकाम चाललंय का?"

"नाही. का?"

"दिवाळीपासून तिथली वीज जवळजवळ बंद झाली. मी लाद्या उचकटून बघितल्या. सगळ्या ठणठणीत आहेत. मग लक्षात आलं, बिघाड लाद्यांत नाही. माणसंच चालत नाहीत."

शैलजाला नवल वाटलं. वस्तीतून बाजाराला जायचा तोच जवळचा रस्ता होता. तन्वीरनं टॅबलेट पुढं केला. पडद्यावर वस्तीचा नकाशा होता आणि त्यावर पावलांचे बारीक ठिपके वाहत होते. गिरणी गल्लीच्या तोंडाशी येऊन तो प्रवाह दुभंगत होता, ओढ्याचं पाणी धोंड्याला वळसा घालून जातं तसा. अर्धे लोक दवाखान्याकडून जात होते आणि अर्धे थेट सायझिंगच्या, म्हणजे सुताला खळ लावायच्या कारखान्याच्या, मागून.

"हे कोण कोण आहेत ते कळतं?" तिनं विचारलं.

"नाव नाही कळत. लादीला फक्त पाऊल किती जोरात पडलं आणि किती वेळ टेकलं एवढंच कळतं. चकत्या झिजल्या की नाही हे तपासायला ती नोंद ठेवतो. पण त्यातनं चाल कळते. माणूस रमतगमत चाललाय की लगबगीनं, ते."

शैलजानं चपला घातल्या. "चला, बघून येऊ."

गल्लीत दुपारीही शुकशुकाट होता. पिठाच्या गिरणीचं शटर अर्धं खाली. कोपऱ्यावर जुन्या तालमीच्या कट्ट्यावर पाच-सहा तरुण मोबाइल बघत बसले होते, समोर मोटारसायकली आडव्या लावलेल्या. एकानं फक्त मान वर केली. शैलजा आणि तन्वीर सरळ चालत गेले आणि पलीकडच्या टोकाला थांबले. तन्वीरनं टॅबलेट उघडला.

"ताई, हे बघा. ही तुमची पावलं."

कट्ट्याच्या अलीकडे तिची पावलं आखूड होत गेली होती. टाच नीट टेकतच नव्हती. कट्टा ओलांडल्यावर ढांगा एकदम लांब झाल्या होत्या.

"मी नाही घाबरले," शैलजा म्हणाली.

"मी पण नाही घाबरलो," तन्वीर म्हणाला आणि त्यानं स्वतःची ओळ दाखवली. ती तशीच होती.

हा काही तपासायचा बिघाड नव्हता. तरी तन्वीरचं डोकं त्यातून निघेना. पुढच्या आठवड्यात त्यानं एक छोटी आज्ञावली लिहिली. आखूड पडणारी, टाच न टेकणारी आणि मग अचानक लांब होणारी पावलं ती शोधून काढायची. त्या चालीला त्यानं नाव दिलं दबकी चाल. नकाशावर जिथं दबकी चाल जास्त, तिथं तांबडा रंग. शैलजानं तो नकाशा पाहिला. वर्षानुवर्षं ती जे विचारत हिंडत होती, ते लोकांच्या पायांनी सांगून टाकलं होतं.

"एक वचन द्या," ती म्हणाली. "कुठल्या रस्त्याला भीती आहे तेवढंच बघायचं. कोणाला आहे ते नाही."

"दिलं," तन्वीर म्हणाला.

गिरणी गल्लीच्या मध्यावर एक घर होतं. त्याच्या पुढच्या उंबऱ्याला लागून असलेल्या लादीवर दिवाळीपासून एकही पाऊल पडलेलं नव्हतं. घर मात्र बंद नव्हतं. गच्चीवर कपडे वाळत होते. शैलजा मागच्या बोळातून गेली. गटाराच्या कडेनं एक दार होतं आणि ते सुलाबाई खोत यांनी फटीएवढं उघडलं.

"कोण पाहिजे?"

"मी शैलजा चौगुले. सोबत केंद्रातनं आले."

"आमचं काय न्हाई तसलं. पोरगं मागात पडलं. हात गेला त्याचा. एवढंच."

"मी तक्रार लिहून घ्यायला नाही आले, अक्का. बाजारात तुम्हीच जाता का हे विचारायला आले. लांबनं जावं लागत असंल."

सुलाबाईंनी तिच्याकडे निरखून पाहिलं. लांबनं जावं लागतं हे या बाईला कसं ठाऊक, हा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट होता. मग त्यांनी दार उघडलं.

आत त्यांचा मुलगा उदय बसला होता, पंचविशीचा. तो वहिफणीचं काम करायचा, म्हणजे बीमवरचा एकेक धागा फणीतून ओवायचा. बोटं चालली तरच पोट चालणारं काम. त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं मुडपून गेली होती आणि मनगटापासून कोपरापर्यंत व्रण होता. मागात पडून असा व्रण होत नाही हे शैलजाला कळत होतं. ती त्याबद्दल काही बोलली नाही. त्या दिवशी ती फक्त चहा पिऊन आली. चौथ्या की पाचव्या खेपेला सुलाबाईंनी आपणहून सांगितलं. वादळ ग्रुपला एक पोतं उदयच्या कारखान्यात लपवून ठेवायचं होतं. त्यात हत्यारं होती. उदय नाही म्हणाला. दिवाळीत कट्ट्यासमोरच त्याच्यावर कोयत्यानं वार झाले. दवाखान्यात निघताना 'नाव घेतलं तर जीव जाईल' असा ग्रुपचा निरोप आला, म्हणून त्यांनी 'मागात पडला' असं सांगितलं होतं.

केंद्रानं उदयसाठी हाताचे व्यायाम करून घेणारी बाई शोधली. तिच्याकडे जायला रोज कुणीतरी त्याच्या बरोबर असायचं. पण गल्ली होती तशीच होती. शेवटी मार्ग सुचला तो सुलाबाईंनाच.

"एकटी बाई गेली तर ती नजरंत भरती," त्या म्हणाल्या. "धा जणी गेल्या तर कुणाकडं बघायचं, हे त्यांनाच कळायचं न्हाई."

दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी वस्तीतल्या बायका घोळक्यानं गिरणी गल्लीतून बाजाराला निघाल्या. घोषणा नाहीत, फलक नाहीत. हातात पिशव्या, आणि गप्पा गॅसच्या आणि सुनांच्या. पहिल्या दिवशी कट्ट्यावरून शेरे आले. बायकांनी ऐकले आणि त्या चालत राहिल्या. मग त्यांच्याबरोबर नवरे यायला लागले, क्लासला जाणाऱ्या मुली आल्या, गिरणीचं शटर पूर्ण वर गेलं. पावलं वाढली तशी वीज वाढली, आणि वीज वाढली तसे दिवे उजळले. भर उजेडात, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर बसून राहणं ग्रुपला अवघड होत गेलं. कट्ट्यावरची संख्या घटली. त्यांचा म्होरक्या जग्गू दुसऱ्या चौकात बसायला लागला. सुलाबाई एक दिवस पुढच्या दारानं बाहेर पडल्या. तन्वीरच्या पडद्यावर त्या उंबऱ्यालगतची लादी कितीतरी दिवसांनी दबली.

केंद्राचं दारही वाजायला लागलं. नकाशावरचे तांबडे भाग बघून शैलजा दुसऱ्या वस्त्यांत जायला लागली होती. तिथंही कुठं जखमा लपवलेल्या होत्या, कुठं पोरी घरात कोंडलेल्या.

मग एकदा तन्वीर आला तो ओशाळवाणा.

"ताई, वचन मोडलंय मी. मुद्दाम नाही. गिरणी गल्ली सुधारली की नाही बघत होतो. सगळे परत त्याच रस्त्यानं यायला लागले. एक जण सोडून."

त्यानं एक ओळ दाखवली. डावं पाऊल जड पडत होतं, उजवं जेमतेम टेकत होतं. सायझिंगची पाळी सुटली की हा माणूस गल्लीच्या तोंडाशी यायचा, तिथं थांबायचा, आणि मागं वळून दवाखान्याकडून लांबचा वळसा घालून जायचा. रोज तसंच चाललं होतं. अधूनमधून तर तो खोतांच्या घराच्या अलीकडच्या खांबापर्यंत येऊन परत फिरला होता.

"नाव नाही," तन्वीर म्हणाला. "पण असली चाल म्हणजे नावच की."

शैलजा विचारात पडली. वचन तिनंच घेतलं होतं. पण हा माणूस अजून घाबरलेला होता, आणि घाबरलेल्या माणसापर्यंत पोचायचं म्हणून तर हे सगळं चाललं होतं. त्याला शोधलं नाही तर तो तसाच वळसा घालत राहणार. तिनं ठरवलं की ती फक्त रस्त्यात उभी राहील. तो बोलला तर बोलला.

पाळी सुटताना ती दवाखान्याजवळच्या चहाच्या गाड्यापाशी थांबली. लंगडत येणारा तरुण तिनं लांबूनच ओळखला. अंगाला खळीचा वास, केसांत कापसाचे तंतू. तिनं चहा पुढं केला तेव्हा तो गोंधळला.

"मी सोबत केंद्रातली. तू लांबनं जातोस रोज. पाय दुखत असंल. कुणाची भीती वाटते का? आम्ही बरोबर चालू शकतो."

त्याचं नाव बसवराज माळी, सगळे त्याला बसू म्हणत. त्यानं चहाचा कप दोन्ही हातांत धरून ठेवला.

"कट्ट्याची न्हाई वाटत, मावशी," तो म्हणाला. "खोतांच्या दाराची वाटती."

शैलजाला क्षणभर कळलं नाही. मग कळलं.

"वार मी केला," बसू म्हणाला. "जग्गूनं कोयता दिला आणि म्हणाला, आज तुझी हिंमत बघायचीय. मी आणि उदय एका शाळंत होतो. नंतर मी सोडतो म्हणालो तर त्यांनी माझा पाय मोडला. आता सायझिंगला जातो. रोज वाटतं, जाऊन त्याच्या आईसमोर उभं राहावं. खांबापर्यंत जातो." त्यानं कप गाड्यावर ठेवला. "तुमच्या केंद्रात मारणाऱ्याला पण मदत असती का?"

चार जखमी माणसांना शैलजा रोज धीर द्यायची, पण इथं तिला त्या मुलाच्या मोडक्या पायाची कीव येत होती आणि उदयच्या मुडपलेल्या बोटांमुळं रागही येत होता.

"मी हे लपवणार नाही," ती शेवटी म्हणाली. "आणि तुझ्याआधी जाऊन सांगणारही नाही. त्यांना ऐकायचंय का, एवढं विचारते."

खोतांच्या घरी तिनं एवढंच सांगितलं की एका माणसाला भेटायला यायचं आहे आणि त्याला त्या दिवसाबद्दल बोलायचं आहे. सुलाबाईंनी निवडत असलेली भाजी ताटात ठेवली. बोलला तो उदय.

"बसू ना?" तो म्हणाला. "मला पहिल्यापासनं माहीत हाय. तोंड बांधलं होतं, पण आवाज कुठं बांधणार."

"मला का न्हाई सांगितलंस?" सुलाबाईंनी विचारलं.

"सांगून तू काय करणार होतीस, आई? मागच्या दारानं ये-जा करत होतीस." त्यानं शैलजाकडे पाहिलं. "येऊ दे त्याला. पण मी माफ केलं असं त्यानं समजू नये. माझ्यापुढं बोलावं आणि मग जिथं बोलायला पाहिजे तिथं जाऊन बोलावं."

बसू आला. खांब ओलांडून चौकटीबाहेर उभा राहिला. सुलाबाईंनी त्याला आत बोलावलं नाही, पण दारही लावलं नाही. तो बोलत होता तेव्हा त्या त्याच्या पायाकडे बघत होत्या. त्याचं संपल्यावर त्यांनी फक्त विचारलं, "तुझ्या आईला ठावं हाय?" त्यानं नकारार्थी मान हलवली. "तिला आधी सांग," त्या म्हणाल्या, आणि आत गेल्या. आतल्या खोलीतून बराच वेळ नळाचं पाणी वाहण्याचा आवाज येत राहिला.

त्या आठवड्यात बसूनं पोलिसांत जबाब दिला. उदयनंही, पहिल्यांदाच. शैलजा आधी एकाच्या शेजारी बसली, मग दुसऱ्याच्या. जग्गू आणि आणखी तिघं पकडले गेले, बसूही आत गेला. त्याच्या आईला भेटीच्या दिवशी तुरुंगापर्यंत न्यायला केंद्रातलं कुणीतरी जायला लागलं. केंद्रातल्या दोन बायकांना ते पटलं नाही. त्यांनी यायचं बंद केलं. शैलजानं त्यांची समजूत घालायचा प्रयत्न केला, पण त्या चुकत आहेत असं तिला ठामपणे म्हणता आलं नाही.

गोष्ट शहरभर पसरली. लादीनं गुन्हेगार पकडून दिला, असं लोक म्हणायला लागले. इतर वॉर्डांतूनही मागणी आली की सगळ्या रस्त्यांवर चालीची नोंद कायम ठेवावी आणि दबकी चाल दिसली की ताबडतोब केंद्राला कळवावं. आपल्यापुरतं काय ते ठरवायला वस्तीची सभा बोलावली, केंद्राच्याच शेडमध्ये. खुर्च्या पुरल्या नाहीत, लोक सतरंजीवर दाटीवाटीनं बसले.

बहुतेकांचं मत नोंद ठेवावी असंच होतं. गिरणीवाला म्हणाला, "हे आधी असतं तर उदयचा हात वाचला असता." बऱ्याच माना हलल्या.

तन्वीर उभा राहिला. "एक सांगायचंय. जग्गूला पकडायच्या आधी त्याचा एक माणूस मला भेटला होता. हसत हसत म्हणाला, तुमच्या लादीत कोण घाबरतंय ते दिसतं म्हणं. मग आमच्या गल्लीत कोण घाबरायचं थांबलंय ते पण दिसत असंल की. मी नाही म्हणालो." त्यानं खाली पाहिलं. "दिसतं खरं."

शेडमध्ये कुजबूज झाली. एका पोरीनं विचारलं, "मग चांगली माणसं आणि वाईट माणसं वेगळी करता येत नाहीत का तुम्हाला? म्हणजे फक्त बिचारे घाबरलेले तेवढे दाखवायचे."

"प्रयत्न केला मी," तन्वीर म्हणाला. "बसूची चाल आम्हाला मार खाल्लेल्या माणसाची वाटली होती. ताई त्याला सोबत द्यायला गेल्या होत्या. घाबरलेला असो की पस्तावलेला, लादीवर दोघांचं पाऊल सारखंच पडतं. आणि कुणी दबा धरायला निघाला असंल तर त्याचंही."

उदय भिंतीला टेकून डाव्या हातानं उजव्या हाताची बोटं एकेक करून सरळ करत होता, व्यायामाची बाई सांगायची तशी.

शैलजानं विचारलं, "हात वर करून मत घ्यायचं का?"

"थांबा," सुलाबाई म्हणाल्या. त्या सभेत कधी बोलल्या नव्हत्या, त्यामुळं सगळ्यांनी मागं वळून पाहिलं. "नोंद ठिवा नायतर पुसा, माझं काय म्हणणं न्हाई. पण बसू सापडला तो काय लादीमुळं न्हाई. ह्या बाई त्याला चहा पाजायला रस्त्यात उभ्या ऱ्हायल्या म्हणून सापडला." त्यांनी पदर सावरला आणि शेडमधल्या चेहऱ्यांवरून नजर फिरवली. "उद्या सगळ्या शहराचा नकाशा तांबडा झाला, तर एवढ्या माणसांपाशी जाऊन, बाबा तुला काय झालंय, म्हणून विचारायला तुमच्यातलं कोण कोण जाणार हाय?"